शेवटी जोडता येतं, मधे घालता येत नाही

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेलं हे पत्र. लिहिणारी मुलगी बी.सी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, रोज एसटीनं तालुक्याच्या कॉलेजात जाते. शाळा मराठी माध्यमाची. घरी चार एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. या सत्रातला ‘डेटा स्ट्रक्चर आणि ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग’ हा पेपर तिच्या उरावर बसला आहे. प्रॅक्टिकल फाईलमधले सगळे प्रोग्राम तिला पाठ आहेत. सराव प्रॅक्टिकलला बाहेरच्या सरांनी लिंक्ड लिस्टच्या, म्हणजे साखळीसारख्या यादीच्या, शेवटी नोड (एक नवी कडी) जोडायला सांगितला, तो तिनं धडाधड लिहिला. मग सर म्हणाले, “आता हाच मधे घाल.” तिथं तिचा हात जो थांबला तो थांबलाच. लॅपटॉप नाही, फोन आहे. कॉलेजात प्रोग्राम चालवायला निळ्या पडद्याचं जुनं टर्बो सी आणि एका मशीनवर तिघीजणी. पुण्यातल्या मावसभावानं एक क्लास सुचवला आहे : सहा महिने, ऐंशी हजार रुपये, नोकरीची हमी. बाबा आईची पोत गहाण ठेवायला तयार आहेत. मोठे बाबा म्हणतात, “हे आपल्या पोरीच्या डोक्याचं काम नोहे, बी.ए.ला नाव टाक अन् पोलीस भरतीची तयारी कर.” पत्राला उशीर झाला त्याचं कारणही तिनं दिलं आहे : बाबा दोन दिवस सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदी केंद्राबाहेर कापसाच्या गाडीवरच होते, गोठा तिच्याकडे होता. उन्हाळी परीक्षा दोन महिन्यांवर आहे. तिचा प्रश्न : “ताई, माझं डोकंच या विषयाचं नाही का? सोडू, की पुण्याला जाऊ?”

*

तुझ्या पत्रात मला सगळ्यात उपयोगी वाटलं ते एकच वाक्य : शेवटी जोडता आलं, मधे घालता आलं नाही. डोकं नसलेल्या माणसाला आपण नेमके कुठं अडलो हे इतकं चोख सांगता येत नाही. तेव्हा आधी त्या जागेकडेच जाऊ, पुणं आणि पोलीस भरती नंतर बघू.

लिंक्ड लिस्टमधल्या प्रत्येक नोडला दोन खण असतात. एकात माहिती, दुसऱ्यात पुढच्या नोडचा पत्ता. शेवटी नवा नोड जोडताना दोन कामं असतात : जुन्या शेवटच्या नोडमध्ये नव्याचा पत्ता लिहायचा आणि नव्याच्या पत्त्याच्या खणात ‘नल’, म्हणजे ‘पुढे कोणी नाही’, ठेवायचं. ही दोन कामं पुढेमागे केली तरी चालतं, म्हणून पाठांतर तिथं खपून गेलं. आता २० आणि ४० यांच्या मधे ३० घालायचा आहे. इथंही दोनच कामं आहेत, पण क्रमाला किंमत आली. आधी ३० मध्ये ४० चा पत्ता लिहायचा, तो २० च्या खणातून उचलून. मग २० मध्ये ३० चा पत्ता. उलट केलंस तर २० मधला ४० चा पत्ता आधीच पुसला जाईल. मग ‘२० मधला पत्ता ३० मध्ये लिही’ म्हटल्यावर ३० च्या खणात ३० चाच पत्ता बसेल. प्रोग्राम चालवलास तर पडद्यावर ३०, ३०, ३० असं येत राहील, थांबायचं नाव नाही, आणि ४० पासून पुढची सगळी यादी हरवलेली.

हे तुला कुणी शिकवलं नव्हतं असं मी म्हणणार नाही, सरांनी सांगितलंही असेल. पण फाईलमध्ये उतरवलेल्या प्रोग्रामात क्रम का तसा आहे हे दिसत नाही, नुसता क्रम दिसतो. आज रात्री वहीचं पान फाडून त्याचे चार तुकडे कर. प्रत्येकावर दोन खण आखून पेन्सिलीनं पत्ते लिही. १००, २००, ३०० असे खोटे पत्ते चालतील. मग तुझाच पाठ केलेला प्रोग्राम एकेक ओळ वाचत जा आणि ती ओळ जे सांगेल तेवढंच कर. खोडरबर जवळ ठेव. याला सगळीकडे ‘ड्राय रन’ म्हणतात. त्याला लॅपटॉप लागत नाही आणि वीज गेली तरी कंदिलाच्या उजेडात होतो. डेटा स्ट्रक्चरचा निम्मा अभ्यास हाच आहे असं माझं ठाम मत आहे. ज्यांच्याकडे दोन-दोन लॅपटॉप आहेत तेही तो टाळतात आणि अडतात तिथंच.

आता मराठी माध्यमाबद्दल. पत्रात तू तीनदा लिहिलं आहेस की इंग्रजीमुळे जमत नाही. यातलं थोडं खरं आहे. एरर आली की ती इंग्रजीतच येते आणि पुढे मुलाखतीत दोन वाक्यं बोलावी लागतात, ते शिकावं लागेलच. पण विषय अडला तो इंग्रजीमुळे हे मला पटत नाही. सी भाषेच्या मूळ प्रमाणात (स्टँडर्डमध्ये) राखीव, म्हणजे भाषेनं स्वतःसाठी ठेवलेले, शब्द ३२ आहेत, सी प्लस प्लसच्या १९९८ च्या स्टँडर्डमध्ये ६३. एवढे इंग्रजी शब्द तर आपल्याकडे खताच्या पोत्यावर आणि फवारणीच्या डब्यांवर वाचून माणूस शिकतो. सरांनी ‘मधे घाल’ म्हटलं ते मराठीतच म्हटलं होतं ना? उत्तर तू मराठीत विचार करून दिलं असतंस तरी चाललं असतं. पुस्तकातली व्याख्या इंग्रजीत पाठ कर, पेपरला लागते. पण तिच्याखाली स्वतःच्या भाषेत एक ओळ लिही. वऱ्हाडीत लिही, कोणी तपासायला येत नाही.

तुझ्या पत्रातली सीसीआयच्या रांगेची ओळ तू माफी मागायला लिहिलीस. मला ती प्रोजेक्टचा विषय वाटली.

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग (ओओपी) कुठून आलं हे सहसा वर्गात सांगत नाहीत. १९६० च्या दशकात नॉर्वेत, ऑस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये, ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगोर या दोघांनी सिम्युला नावाची भाषा तयार केली. जिथं गिऱ्हाइकं येतात, रांगेत थांबतात, काम होऊन निघून जातात अशा व्यवस्थांची नक्कल संगणकावर करून पाहणं हा त्यांचा उद्योग होता. त्याच गरजेतून १९६७ च्या सिम्युलामध्ये क्लास (साचा), ऑब्जेक्ट (त्या साच्यातून घडवलेली वस्तू) आणि इनहेरिटन्स (एका क्लासपासून दुसरा काढणं) आले. ब्यार्ने स्ट्रोस्ट्रुप केंब्रिजला पीएच.डी. करताना सिम्युला वापरत. बेल लॅब्जमध्ये गेल्यावर १९७९ मध्ये त्यांनी सी भाषेला क्लास जोडायला घेतले आणि त्यातून तुझ्या पेपरातली सी प्लस प्लस उभी राहिली. म्हणजे खरेदी केंद्राबाहेरची गाड्यांची रांग हे या विषयाचं माहेरच म्हण. पुस्तकातल्या ‘एम्प्लॉयी’ आणि ‘मॅनेजर’च्या उदाहरणापेक्षा तुला ते शंभर पटीनं माहीत आहे.

तर करून बघ. ‘गाडी’ हा एक क्लास. त्यात नोंदणी क्रमांक, शेतकऱ्याचं नाव, वजन आणि ओलावा. ओलावा प्रायव्हेट ठेव, म्हणजे बाहेरून थेट हात लावता येणार नाही असा, आणि तो भरायला एक फंक्शन दे, जे उणे आकडा किंवा शंभरावरचा आकडा आला की नाकारेल. एन्कॅप्सुलेशनची व्याख्या पाच मार्कांना येते, तिचा अर्थ एवढाच आहे : भलता आकडा आत शिरू नये म्हणून दार एकच ठेवायचं. दुसरं फंक्शन भाव काढेल. सीसीआयचा नियम बाबांना विचार, त्यांना पाठ असेल : ओलावा ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, ८ ते १२ मध्ये त्या प्रमाणात कपात, १२ च्या वर कापूस घेत नाहीत. ‘जर-नाहीतर’च्या तीन फांद्या झाल्या.

इथं तुझ्या कॉलेजचं टर्बो सी तुला एक गंमत दाखवेल. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. ‘इंट’मध्ये, म्हणजे पूर्णांकाच्या खणात, भाव ठेव आणि चार क्विंटलनं गुण : ३२,४४०, बरोबर येईल. पाच क्विंटलनं गुण. यायला हवेत ४०,५५०, पण पडद्यावर येतील उणे २४,९८६. पाच क्विंटल कापूस विकून शेतकरीच सीसीआयला देणं लागतो! कारण टर्बो सीमधला ‘इंट’ १६ बिटांचा असतो, त्यात ३२,७६७ च्या वरचा आकडा मावत नाही आणि गणती उणे टोकाकडून परत सुरू होते. ‘लाँग’ हा मोठा खण वापरलास की सुटेल. फोनवरच्या आजच्या कंपायलरमध्ये (प्रोग्राम यंत्राच्या भाषेत आणणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ‘इंट’ ३२ बिटांचा असतो, तिथं ही चूक दोनशे चौदा कोटींपर्यंत लपून राहील. अशा चुका फक्त विद्यार्थ्यांच्या नसतात. जावा या भाषेच्या अधिकृत लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये (क्रमानं लावलेली यादी दर वेळी निम्मी करत शोधण्याच्या पद्धतीत) दोन आकड्यांची बेरीज अशीच मर्यादेबाहेर जात होती आणि ती चूक कैक वर्षांनी, २००६ मध्ये, जगासमोर मांडली गेली. तोंडी परीक्षेत हे उणे २४,९८६ चं उदाहरण तू स्वतःहून सांगितलंस तर परीक्षक खुर्चीत सरसावून बसतील.

मग रांग. ‘रांग’ हा दुसरा क्लास, आत पाच जागांचा ॲरे, म्हणजे ओळीनं लागलेली पाच घरं. पाच गाड्या आल्या, पुढच्या दोन काट्यावर जाऊन मोकळ्या झाल्या. आता सहावी आली तर साधा क्यू (रांग) म्हणेल ‘जागा नाही’, कारण मागचं टोक पाचव्या जागेवर आहे. पुढच्या दोन जागा रिकाम्या पडल्या आहेत हे त्याला दिसत नाही. केंद्रावर गाड्या पुढे सरकतात. संगणकात हजार नोंदी दर वेळी एकेक घर पुढे सरकवणं महाग पडतं. म्हणून मागचं टोक एकनं वाढवायचं, आकारानं भागायचं आणि बाकी घ्यायची : घरं शून्यापासून मोजतात, म्हणून पाचव्या घराचा क्रमांक चार; चार अधिक एक पाच, भागिले पाच, बाकी शून्य. सहावी गाडी पहिल्या घरात. या गोल फिरणाऱ्या रांगेवर, सर्क्युलर क्यूवर, हमखास प्रश्न येतो आणि सगळे सूत्र पाठ करतात. तू पाच घरं आखून त्यात तुरीचे दाणे ठेव, सूत्र आपोआप हातात येईल.

हे चाललं की खरा भाग. मुख्य प्रोग्रामला ‘रांग’ क्लासच्या फक्त तीन गोष्टी माहीत असू दे : लाव, काढ, रिकामी आहे का. आता क्लासच्या आतला ॲरे काढून टाक आणि त्या जागी तुझी लिंक्ड लिस्ट बसव. मुख्य प्रोग्राममधली एकही ओळ बदलायची नाही. तो तसाच चालला तर डेटा स्ट्रक्चर आणि ओओपी हे दोन विषय एकाच पेपरात का कोंबले आहेत ते तुला कळलेलं असेल. माहिती आत कशी रचली आहे हा एक प्रश्न आणि बाहेरच्याला ती रचना न सांगता कशी वापरू द्यायची हा दुसरा. हे जमायला आठवडा लागला तरी घाई करू नकोस. यात ज्या दहा-बारा ठिकाणी अडशील ती या पेपरातली महत्त्वाची दहा-बारा ठिकाणं असतील.

एक सावधगिरी. पुढे तुला वाटेल की ट्रॅक्टर, छोटा हत्ती आणि बैलगाडी हे ‘गाडी’पासून निघालेले तीन क्लास करावेत, म्हणजे इनहेरिटन्सही झालं. नको करूस. तिन्हींचं वजन तसंच होतं, भाव तसाच निघतो. फरक फक्त नावाचा आहे, त्याला एक खण पुरतो. वागणं बदलत असेल तिथंच नवा क्लास. पुस्तकं हे नीट सांगत नाहीत, त्यामुळे पोरं जिथं तिथं इनहेरिटन्स घुसडतात. पेपरात विचारलं तर अर्थात लिही.

ट्री, हॅशिंग, सॉर्टिंग यांचंही असंच. केंद्रावर आधी नोंदणी करावी लागते, आता ‘कपास किसान’ ॲपवरून. हजार क्रमानं लावलेल्या नोंदींतून एक क्रमांक शोधायचा तर एकेक बघत गेल्यास हजार वेळा बघावं लागू शकतं, बायनरी सर्चनं जास्तीत जास्त दहा वेळा. दहा लाख नोंदी असल्या तरी वीस. ‘बिग ओ’चं, म्हणजे नोंदी वाढल्या की काम किती वाढतं या हिशेबाचं, भूत यापलीकडे फारसं नाही. शेजारचे दोन आकडे ताडून क्रम लावणाऱ्या बबल सॉर्टला हजार नोंदींसाठी सुमारे पाच लाख तुलना का लागतात ते पाच आकड्यांवर स्वतः मोजून काढ.

साधनांची चिंता तू समजतेस तेवढी मोठी नाही, पण आहे. फोनवर सी प्लस प्लससाठी ‘सीएक्सएक्सड्रॉइड’ नावाचं ॲप आहे, ते इंटरनेटशिवाय चालतं. फोनच्या कीबोर्डवर कंस आणि अर्धविराम शोधताना जीव मेटाकुटीला येतो, म्हणून आधी वहीत पूर्ण लिहून, कागदावर चालवून, मगच फोनवर उतरव. ‘पायथन ट्यूटर’ ही साईट नावानं पायथनची असली तरी तिथं सी प्लस प्लस आणि जावाही चालतं. ती प्रत्येक ओळीनंतर मेमरीत काय बदललं याचं चित्र काढून दाखवते, बाणांसकट. कागदावरचं उत्तर तिथं पडताळून घे. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये सी आणि सी प्लस प्लसचे छोटे धडे मराठीत आहेत, मोफत. एनपीटीईएल या मोफत व्याख्यानांच्या साईटवर दिल्ली आयआयटीच्या नवीन गर्ग यांची डेटा स्ट्रक्चरची व्याख्यानं आहेत. ती इंग्रजीत आहेत आणि एकदम झेपणार नाहीत. आधी तो धडा कागदावर केलेला असेल तरच बघ. आणखी एक : टर्बो सी प्लस प्लस १९९० सालचं आहे, भाषेचं स्टँडर्ड १९९८ चं. त्यामुळे कॉलेजात चालणारी ‘आयोस्ट्रीम डॉट एच’ची ओळ, ‘क्लीअर स्क्रीन’, ‘व्हॉइड मेन’ हे फोनवर अडेल. त्यात तुझी चूक नसेल. ‘आयोस्ट्रीम’पुढचं ‘डॉट एच’ काढ, ‘क्लीअर स्क्रीन’ची ओळ गाळ, ‘मेन’च्या आधी ‘व्हॉइड’ऐवजी ‘इंट’ लिही, ‘युझिंग नेमस्पेस एसटीडी’ ही ओळ घाल. कॉलेजच्या परीक्षेत मात्र कॉलेजची पद्धत.

एका मशीनवर तिघीजणी असणं मला इतकं वाईट वाटत नाही. एकीनं टाईप करायचं, दुसरीनं वहीत व्हेरिएबलच्या किमती मांडत जायच्या, तिसरीनं पुढच्या ओळीला काय होईल ते आधी सांगायचं आणि दर प्रॅक्टिकलला जागा बदलायच्या. एसटीतही हे जमतं, स्टॅक (शेवटी ठेवलेलं आधी निघतं अशी चवड) आणि इन्फिक्स-पोस्टफिक्स (गणिती चिन्ह आकड्यांच्या मधे की नंतर लिहायचं) यांसाठी तर एसटीच बरी. तुमचे सर तासिका तत्त्वावरचे असतील तर ते एका दिवसात दोन कॉलेजं गाठत असतील. त्यांना “समजलं नाही सर” म्हणू नकोस, ते परत तेच सांगतील. “सर, ही ओळ आधी आणि ही नंतर केली तर काय होईल, फळ्यावर दाखवता का?” असं विचार. एवढ्या नेमक्या प्रश्नाला पाच मिनिटं नाकारणारा शिक्षक विरळा.

असंच पत्र गडचिरोलीहून एका मुलाचंही आहे, तो डिप्लोमा करून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आला आहे. त्याचं पुस्तक जावाचं आहे. त्यानंही वरचंच करावं, भाषा बदलल्यानं फार काही बदलत नाही. जावात पॉइंटर, म्हणजे पत्त्याचे खण, उघड दिसत नाहीत, पण ऑब्जेक्टचा संदर्भ एका खणातून दुसऱ्यात जातो तो तसाच, आणि नोड मधे घालताना क्रम चुकला तर यादी तशीच हरवते.

आता मोठ्या बाबांचं. पोलीस भरती हलकी नाही, आपल्या भागात पहाटे रस्त्यावर धावणारी पोरं-पोरी मी बघते. तुला ते काम आवडत असेल तर जरूर कर, पदवी पूर्ण करूनही भरती देता येते. पण या पेपराला घाबरून तिकडे जाऊ नकोस. तिथंही गणित आणि बुद्धिमत्तेचे प्रश्न असतातच, आणि तिथं अडलीस तर मग कुठं जाशील? मोठ्या बाबांशी वाद घालू नकोस. उन्हाळी परीक्षेपर्यंत मला विचारू नका, एवढं मागून घे.

पुण्याच्या क्लासबद्दल मी स्पष्ट सांगते : आत्ता नको, आणि पोत गहाण ठेवून तर कधीच नको. हे क्लास बहुतेक करून वेबसाईट बनवायची तयार साधनं शिकवतात. ती ज्यांना लवकर येतात त्यांचा पाया आधीच झालेला असतो, आणि तो पाया म्हणजे तुझा हाच पेपर. कंपन्यांच्या पहिल्या फेरीतही स्टॅक, क्यू, क्लास, इनहेरिटन्स यांवरच विचारतात. आज गेलीस तर तिथंही पाठांतरच करशील, फक्त ऐंशी हजार देऊन आणि कॉटबेसिसच्या खोलीचं भाडं भरून. तिसऱ्या वर्षानंतर जावंसं वाटलं तर फोन करून तीन गोष्टी विचार : आपल्या जिल्ह्यातल्या मागच्या बॅचच्या दोघातिघांशी बोलता येईल का, फी हप्त्यानं घेता का आणि मधे सोडल्यास किती परत, ‘नोकरीची हमी’ कागदावर लिहून देता का, कुठली नोकरी, किती पगार, किती महिन्यांत. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी फोनवरचा आवाज बदलतो.

बाबांना तुझ्यासाठी काही करायचंच आहे, तर पुढच्या हंगामात कापसाचे पैसे आले की जुना लॅपटॉप बघा. कंपन्यांनी वापरून काढलेले लॅपटॉप यवतमाळ-अमरावतीच्या दुकानांत मिळतात. आठ जीबी रॅम आणि एसएसडी असली की तुझं सगळं काम होतं, ग्राफिक कार्ड वगैरे काही लागत नाही. बॅटरी किती वेळ टिकते ते दुकानातच तासभर चालवून बघ, आपल्याकडे लाईटचा भरवसा नाही. बिल आणि निदान तीन महिन्यांची लेखी वॉरंटी घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.